मुलगी म्हणते, ड्रमर व्हायचंय!

दहावीचा निकाल हातात पडतो आणि मुलगी जाहीर करते, "मला ड्रमर व्हायचंय." घरात पहिला प्रश्न येतो, पोट भरेल का? दुसरा जरा दबक्या आवाजात, हे मुलींचं काम आहे का?

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी देतो. अमेरिकन ड्रमर सिंडी ब्लॅकमन सँटाना यांचं एखादं वादन पालकांनी मुलीसोबत बसून पाहावं. पहिल्या प्रश्नाला मात्र त्यांच्या कारकिर्दीकडे नीट पाहावं लागेल.

नाव होण्याआधीची वर्षं

सिंडी यांचा जन्म १९५९चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात त्या काही काळ शिकल्या. अॅलन डॉसन या नामांकित शिक्षकाकडेही त्यांनी धडे घेतले. ड्रम्स वाजवताना विद्यार्थ्याने गाण्याची चाल तोंडाने गावी, असा डॉसन यांचा आग्रह असे. हात कितीही चालले तरी आपण गाण्यात कुठे आहोत, याचं भान सुटता कामा नये.

१९८२मध्ये सिंडी न्यूयॉर्कला गेल्या. तिथे रस्त्यावर वाजवलं, जॅझ क्लबांत वाजवलं, १९८८मध्ये 'आर्केन' हा स्वतःचा पहिला अल्बम काढला. रॉक गायक लेनी क्रॅव्हिट्झ यांनी त्यांची पहिली चाचणी फोनवर घेतली, तेव्हा सिंडी यांनी तिशी ओलांडली होती. १९९३च्या 'आर यू गोना गो माय वे' या गाण्याच्या व्हिडिओतून त्या घराघरांत पोहोचल्या. गंमत म्हणजे त्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणातले ड्रम्स खुद्द क्रॅव्हिट्झ यांनी वाजवलेले आहेत. सिंडी यांचं काम होतं ते व्हिडिओतलं आणि पुढची अनेक वर्षं दौऱ्यांवरचं. स्टुडिओ आणि मंच ही दोन वेगळी कामं आहेत, हे विद्यार्थ्यांनी इथेच समजून घ्यावं. २०१०मध्ये गिटारवादक कार्लोस सँटाना यांच्याशी त्यांचं लग्न झालं. पुढे त्या सँटाना बँडच्या ड्रमर झाल्या, पण तोवर त्यांची स्वतःची कमाई, स्वतःचे अल्बम आणि स्वतःचं नाव होतं.

पैसा कुठून येतो?

ड्रमरची नोकरी बहुधा एक नसते, चार-पाच कामांची मोट बांधावी लागते. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा, लाइव्ह शो, कॉर्पोरेट कार्यक्रम, रेकॉर्डिंग आणि शिकवण्या ही त्यातली मुख्य. रेकॉर्डिंगचं बरंचसं काम आता संगणकावरच्या तालांनी घेतलं आहे, ही वस्तुस्थिती आहे. त्यामुळे ड्रम्सबरोबर ऑक्टोपॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, क्लिकवर म्हणजे कानात वाजणाऱ्या ठोक्यांवर वाजवणं, नोटेशन वाचणं आणि थोडं प्रोग्रॅमिंग ज्याला येतं, त्याला कामं जास्त मिळतात. कार्यक्रमांचे महिने आणि रिकामे महिने आलटून पालटून येतात. शिकवण्यांमुळे घरखर्चाला आधार मिळतो.

सुरुवात कशी करावी?

थेट मोठा ड्रमसेट घेऊ नका. चांगल्या स्टिक्स, रबरी प्रॅक्टिस पॅड आणि ठरावीक लयीचे ठोके देणारा मोबाइलवरचा मेट्रोनोम सुरुवातीला पुरतो. सोसायटीतले शेजारीही कुरकुर करत नाहीत. पुढे सेटवर बसल्यावर इअरप्लगची सवय पहिल्या दिवसापासून हवी. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. मनगट दुखत असेल तर सराव थांबवून शिक्षकाला दाखवावं.

ट्रिनिटी किंवा रॉकस्कूल या ब्रिटिश संस्थांच्या ड्रम्सच्या परीक्षा भारतात देता येतात, आठव्या ग्रेडपर्यंत. त्या नोकरीची हमी देत नाहीत, पण शिकवण्या घेताना उपयोगी पडतात आणि अभ्यासाला शिस्त लावतात. सोबत बारावी आणि पदवी चालू ठेवावी. पदवीच्या वर्षांत संध्याकाळी बँडमध्ये वाजवता येतं.

पालकांसाठी एक कसोटी

मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा आणि मुलीला उजवा-डावा, उजवा-डावा असे साधे ठोके दहा मिनिटं वाजवायला सांगा. संथ लयीत दोन ठोक्यांमधली जागा मोठी असते, त्यामुळे घसरलेला ठोका लगेच कानावर येतो. वेगात तो लपून जातो. हे कंटाळवाणं काम कुणी न सांगता ती रोज करते का, हे वर्षभर पाहा. करत असेल तर सेटसाठी पैसे बाजूला काढायला हरकत नाही. करत नसेल, तर छंद म्हणून आनंदाने वाजवू द्या आणि करिअरसाठी दुसरं क्षेत्र शोधा.