गडावर साप चावला तर

गडावरून पायथ्याला उतरायलाच तास-दोन तास जातात आणि रुग्णालय त्याच्याही पुढे. तोवर जखमीचा जीव सोबतच्या भिडूंच्या हाती.

महाराष्ट्रात माणसं दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळे : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. कोकणच्या कातळावर दगडाखाली फुरसे हमखास. डिवचलं की ते अंगाची वेटोळी घासून खरखर आवाज करतं. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. मण्यार मात्र अजिबात चाहूल देत नाही. ती रात्री फिरते, तिचे दात बारीक, दंश कित्येकदा कळतही नाही. देवळात किंवा गुहेत जमिनीवर झोपलेला एखादा पहाटे पोटदुखीने उठतो, पापण्या उघडत नाहीत, घोट गिळवत नाही. अशा वेळी ‘पित्त झालं असेल’ म्हणत सरबत पाजत बसण्यात लाखमोलाचा वेळ जातो. मुक्कामाला तंबूची चेन पूर्ण बंद केली, तर ही वेळच सहसा येत नाही.

चिरा देणं, विष चोखणं, दोरी करकचून आवळणं हे सगळं बाद. फुरसे आणि घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, त्यामुळे चिरेतून ते वाहतच राहतं. आवळलेल्या पायाचा रक्तपुरवठा तुटतो तो वेगळाच.

करायचं ते असं. अंगठी, घड्याळ, पैंजण, बूट आधी उतरवावेत, कारण सूज झपाट्याने चढते. चावलेल्या पायाला ट्रेकिंगची काठी लावून ओढणीने बेताने बांधावं. जखमीला चालू देऊ नये. स्नायू हलले की विष लवकर पसरतं. दोन दांडे आणि चादर यांची डोली करावी. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर निजवावं. एकाने रेंज मिळेल तिथवर उतरून १०८ला फोन लावावा.

नाग-मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात, हृदय मात्र बराच वेळ धडधडत असतं. श्वास थांबला तर रुग्णालय येईपर्यंत तोंडाने श्वास देत राहावं.

साप मारून सोबत न्यायची गरज नाही. आपल्याकडचं प्रतिविष या चारही सापांवर एकच असून सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं. ते सर्वांत जवळ कुठे आहे, हे गड चढण्याआधी पायथ्याच्या गावात चहा घेतानाच विचारून ठेवावं आणि गाडीवाल्याचा नंबरही घ्यावा.