मनाचे दुखणे आणि त्यावरील उपचार

अंगात ताप भरला की आपण विनासंकोच डॉक्टरांकडे जातो. परंतु मन दुखले तर ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने महिनोन् महिने गप्प राहतो. मानसोपचार म्हणजे वेडाचाच इलाज, हा गैरसमज याच्या मुळाशी आहे. वस्तुतः तेथे तुमच्याआमच्यासारखी माणसेच जातात. कोणाच्या घरी मृत्यू घडलेला असतो, कोणाची झोप उडालेली असते, कोणी परीक्षेच्या धास्तीने हबकलेला असतो, तर कोणाचा संसार रोजच्या भांडणांनी पोखरलेला असतो.

हा उपचार म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत. अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली एक पद्धती मांडली, महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी तिचा प्रसार केला. तिचे सूत्र असे की, आपल्या भावना केवळ प्रसंगातून उपजत नाहीत. त्या प्रसंगाचा आपण जो अर्थ लावतो, त्यातून उपजतात.

समजा, खानदेशातून येऊन उधन्यात लूम चालविणाऱ्या एका गृहस्थाचा कारखाना मंदीत बंद पडला. तो मनाशी म्हणतो, ‘काम गेले, म्हणजे मी नालायक ठरलो. आता गावी कोणत्या तोंडाने जाऊ?’ मग अन्न गोड लागत नाही आणि मुलांवर विनाकारण हात उगारला जातो. उपचार करणारा त्याला उपदेश करीत बसत नाही. तो विचारतो, ‘तुमच्या शेजारच्या कारागिराचेही काम गेले. त्याला तुम्ही नालायक म्हणाल काय?’ शिवाय तो घरी करावयाचा अभ्यास देतो : मनात येणारे विचार लिहून ठेवणे, टाळलेल्या मित्रास जाऊन भेटणे. याने गेलेले काम परत येत नाही, दुःखही नाहीसे होत नाही. मात्र खचलेले मन सावरते आणि नवे काम शोधण्याचे बळ येते.

काही आजारांत औषधेही लागतात. ती मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

मनातले बोलावयास मातृभाषा हवी. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. कोणाच्या बोलण्यात जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार आला, तर ‘उद्या पाहू’ म्हणू नये. त्याला एकटे सोडू नये व तत्क्षणी मदत मिळवावी.

ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी घरांत शिरले, तेव्हा गच्चीवरून हाक मारताना आपण लाजलो नाही. मनात पूर आला असताही लाजू नये.