पन्नाशीतला मेंदू आणि रक्तदाबाची वही

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते, पण शरीर वापरते त्या प्राणवायूपैकी जवळपास २० टक्के प्राणवायू एकट्या मेंदूला लागतो. त्याच्या खोलवरच्या श्वेतद्रव्याला रक्त पोचवण्याचे काम अतिशय बारीक धमन्या करतात. त्यांना शेजारच्या वाहिन्यांचा आधार फारसा नसतो. एक बुजली की तिच्या टोकाचा भाग उपाशी राहतो. वर्षानुवर्षे चढ्या राहिलेल्या रक्तदाबाने या धमन्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात. मग कुठे काही मिलिमीटरचे खड्डे पडतात, कुठे श्वेतद्रव्य हळूहळू विरत जाते, आणि या सगळ्या काळात रुग्णाला काहीही दुखत नाही. येना येथील मनोविकारतज्ज्ञ ओटो बिन्सवांगर यांनी श्वेतद्रव्याच्या अशा ऱ्हासाचे वर्णन १८९४ मध्येच केले होते. तपासणीच्या खोलीत त्याची आठवण आजही क्वचितच होते.

श्वेतद्रव्यातील तंतू मेंदूचे भाग एकमेकांना जोडतात. म्हणून या विकारात विसराळूपणा बहुधा आधी दिसत नाही. कामाचा वेग मंदावतो, चार पायऱ्यांचे काम दुसऱ्या पायरीवरच अडते, पुढाकार जातो. पावले आखूड पडू लागतात, लघवीची घाई होते, क्षुल्लक कारणाने रडू येते. घरच्यांना हा आळस वाटतो आणि तसे तोंडावर बोलायलाही ते कचरत नाहीत. प्रस्तुत लेखिकेच्या पतीला ‘नोकरीचा कंटाळा आलाय’ हे निदान सासरच्या मंडळींनी डॉक्टरांच्याही आधी करून टाकले होते. पती बावन्न वर्षांचे, आयुष्य हिशेबात गेलेले. भाच्याच्या लग्नात कोणी किती आहेर केला हे त्यांना अजून तोंडपाठ होते. मात्र महिनाअखेरचा ताळेबंद सुरू करून ते तासन्‌तास पहिल्याच पानावर बसून राहात. नावे आणि आकडे आठवणारा माणूस आजारी असूच शकत नाही, असे सर्वांचे मत पडले. पत्नीचे मत कोणी विचारले नाही.

एमआरआयच्या अहवालात शेवटून दुसऱ्या ओळीत श्वेतद्रव्यातील बदलांची नोंद होती आणि पुढे ‘वयोमानानुसार’ असा शेरा. डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरलीही नाही. ‘वय झालं की होतं, टेन्शन घेऊ नका,’ एवढे बोलून त्यांनी मेंदूचे टॉनिक लिहून दिले. वय बावन्न. खिशात तीन वर्षांच्या आरोग्य तपासण्यांचे कागद होते आणि तिन्हींत वरचा रक्तदाब १५० च्या पुढे. ते कागद पुढे केले, तर ‘दवाखान्यात सगळ्यांचंच वाढतं’ असे उत्तर आले. घरी मोजून पाहा, हे मात्र सांगितले गेले नाही. टॉनिकांविषयी एवढेच नोंदवणे पुरे की, गिंको या बहुचर्चित वनस्पतीची ३,००० हून अधिक वृद्धांवर चाचणी झाली, आणि तिने स्मृतिभ्रंश टळत नसल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. लक्षणे नसताना मनाने ॲस्पिरिन सुरू करणेही चूकच. त्यात रक्तस्रावाचा धोका असतो.

रक्तदाबाचे महत्त्व मध्यमवयात सर्वाधिक. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल-२’ या प्रदीर्घ अभ्यासात पन्नाशीला वरचा आकडा १३० किंवा अधिक असलेल्यांत पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला दिसला. साठी-सत्तरीत मोजलेल्या त्याच आकड्याचा तसा संबंध आढळला नाही. ‘स्प्रिंट माइंड’ या अमेरिकी चाचणीत (२०१९) रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात सौम्य बोधनक्षीणता १९ टक्क्यांनी कमी आढळली. स्मृतिभ्रंशातील घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

घरी मोजताना पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली असावी, दंड हृदयाच्या पातळीवर असावा आणि पट्टा दंडाच्या मापाचा असावा. बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळी व रात्री, असे आठवडाभर मोजून वहीत तारखेसह लिहावे. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक भरली, तर तो उच्च रक्तदाबच. दवाखान्याची भीती हे कारण मग उरत नाही. गोळ्या सुरू झाल्यावर उभे राहूनही मोजावे, कारण उठताना रक्तदाब फार घसरला तर माणूस पडतो. गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही रक्तदाब चढवतात. डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्या सांगाव्यात.

बाकीच्या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत: मधुमेह आटोक्यात ठेवणे, तंबाखू सोडणे, चालणे, लोणचे-पापड-फरसाण कमी करणे. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ घटकांत कमी ऐकू येणे आणि एलडीएल कोलेस्टेरॉल यांनाही मोठे स्थान दिले आहे. मोठ्याने घोरणाऱ्याने झोपेतील श्वसनरोधाची तपासणी करून घ्यावी.

तपासणीला जाताना ‘हल्ली विसरतात’ असे मोघम सांगू नये. कोणते काम, कधीपासून, कुठे अडते, ते लिहून न्यावे. नुसत्या स्मरणशक्तीच्या प्रश्नांत असा रुग्ण सहज उत्तीर्ण होतो, म्हणून घड्याळ काढायला लावणारी ‘मोका’सारखी चाचणी मागावी. बी-१२ आणि थायरॉइडही तपासून घ्यावे. अहवालात श्वेतद्रव्याचा उल्लेख असेल तर फझेकास श्रेणी विचारावी. ती शून्य ते तीन असते, आणि पन्नाशीत दोन किंवा तीन असेल तर ‘वयोमानानुसार’ हे उत्तर स्वीकारू नये, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

निदान पक्के झाल्यावर नातेवाईक मुखत्यारपत्र करायला सुचवतात. त्यावर विसंबू नये. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार, अधिकार देणारी व्यक्ती मनाने अक्षम झाली की प्रतिनिधीचा अधिकार संपतो. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच तो कागद निरुपयोगी ठरतो. बँकेची खाती संयुक्त करणे, वारस नोंदवणे आणि मृत्युपत्र करणे ही कामे रुग्णाला स्वतःचा निर्णय घेता येतो तोवरच उरकून घ्यावीत.