हवा कुंद, मनही कुंद?

पावसाची झड लागली की दवाखान्यातली गर्दी वाढते. सर्दी-ताप, जुलाब हे तर असतेच. पण काही रुग्णांची तक्रार निराळी असते. ‘डॉक्टर, अंग जड वाटतं, सांधे धरतात, कशात मन लागत नाही.’ सोबतचे लगेच म्हणतात, ‘हवाच तशी आहे.’ हे कितपत खरे, ते आज पाहू.

ऋतुबदलाचा प्रकृतीवर परिणाम होतो, हे आपल्याकडे पूर्वीपासून ठाऊक आहे. सरत्या ऋतूचा शेवटचा आणि येणाऱ्या ऋतूचा पहिला आठवडा मिळून ऋतुसंधी होते, असे वाग्भटाने अष्टांगहृदयात सांगितले आहे. या काळात जुना आहारविहार हळूहळू सोडावा व नवा हळूहळू धरावा, असा त्याचा सल्ला आहे.

आता कारणे पाहू. दमट हवेत भिंतींना बुरशी येते, गाद्या-उशांतील धुळीत सूक्ष्म कीटक वाढतात. त्यामुळे दमेकऱ्यांना त्रास होतो. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व रक्तदाब वाढतो. उन्हाळ्यात बरे वाटले म्हणून गोळ्या परस्पर बंद करणाऱ्यांना हिवाळ्यात धोका असतो, तो यामुळेच. सांधेदुखीबाबत संशोधकांत एकमत नाही. तरी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका पाहणीत, दमट व वाऱ्याच्या दिवशी, हवेचा दाब कमी असताना, जुनाट दुखणे थोडे वाढते असे दिसले.

मनाचे काय? डोळ्यांत शिरणारा उजेड मेंदूतील घड्याळ लावत असतो. अंधार पडला की मेलाटोनिन हे संप्रेरक पाझरते, उजेडाने ते थांबते. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसले की हे घड्याळ चुकते, झोप बिघडते आणि पाठोपाठ मनही. ठराविक ऋतूत दरवर्षी येणाऱ्या नैराश्याचे वर्णन अमेरिकेत डॉ. नॉर्मन रोझेन्थाल व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केले. ते मुख्यतः लांबलचक हिवाळ्याच्या देशांत आढळते. आपल्याकडे पावसाळ्यात फिरणे बंद, पारावरच्या गप्पा बंद, याचीच भर अधिक पडते.

मात्र सारे खापर हवेवर फोडू नये. ही चूक मी स्वतः केली आहे. एक निवृत्त शिक्षक गुडघे दुखतात म्हणून आषाढात माझ्याकडे येऊ लागले. ‘पाऊस उघडला की बरं वाटेल, गुरुजी,’ असे सांगून मी महिनाभर वेदनाशामक गोळ्याच देत राहिलो. एके दिवशी त्यांच्या पत्नी सोबत आल्या. म्हणाल्या, ‘अहो डॉक्टर, हे हल्ली पेपरसुद्धा उघडत नाहीत. पहाटे तीनला उठून बसतात, जेवण निम्म्यावर आलंय.’ मी गुरुजींना नीट विचारले, तेव्हा ते हळूच म्हणाले, ‘जगून काय करायचं, असं वाटतं.’ दुखणे गुडघ्यापेक्षा मनाचे मोठे होते. त्याच आठवड्यात त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. उपचारांनी दिवाळीपर्यंत ते पुष्कळ सावरले. तेव्हापासून सांधेदुखीच्या रुग्णालाही मी झोप, भूक आणि मन यांविषयी विचारल्याशिवाय सोडत नाही.

वाचकांनी एवढे जरूर करावे :

१. सकाळी अर्धा तास उजेडात काढावा. पाऊस असेल तर ओसरीत किंवा खिडकीशी बसावे.

२. बाहेर जाता आले नाही तर घरातल्या घरात चालावे. झोपण्या-उठण्याची वेळ मोडू नये.

३. दमा, रक्तदाब यांची औषधे ऋतू बदलला म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. हिवाळ्याच्या तोंडी रक्तदाब तपासून घ्यावा.

४. उदासी, झोप उडणे, आवडत्या गोष्टींत रस न वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर तो हवेचा दोष समजू नये, डॉक्टरांना दाखवावे. जगणे नकोसे वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मोफत बोलता येते.

घरात कोणी वडीलधारे पावसाळ्यात गप्प गप्प झाले असतील, तर आज त्यांच्याजवळ बसून एवढेच विचारा, ‘झोप लागते का? जेवण जातं का?’ आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.