घोडा नवा, ट्रेलर जुना

द्रोणागिरी, ता. उरण

चिरंजीव भाच्यास,

तू पाठवलेले फोटो आणि मापं मिळाली. ट्रेलर ओढायचा नवा घोडा दिसायला रुबाबदार आहे. कर्ज काढून घेतलास, तेही धाडसानं. आता मापांकडे येतो. भाऊजींच्या जुन्या चाळीस फुटी ट्रेलरची पाटातळी, म्हणजे कंटेनर बसतो ती पातळी, किंगपिनजवळ (ट्रेलर घोड्याला जोडणाऱ्या खुंटीजवळ) जमिनीपासून १.५८ मीटर आणि मागच्या टोकाला १.४६ मीटर, असं तू लिहिलं आहेस. म्हणजे जोडलेला ट्रेलर तोंड वर करून बसलाय, मागे १२ सेंटीमीटर उतार आहे. तुझा ड्रायव्हर म्हणतो, अॅक्सल आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) मध्ये लोखंडी गुटके घालून मागची बाजू उचलू, दोन-तीन तासांचं काम. तू मला विचारलंस की गुटका किती जाडीचा घेऊ.

जाडीचा प्रश्न शेवटचा. पहिला प्रश्न असा की मागचं खाली गेलंय की पुढचं वर आलंय? याचं उत्तर सापडेपर्यंत ट्रेलरला वेल्डिंगचा हात लावू देऊ नकोस, एवढंच माझं तुला कळकळीचं सांगणं आहे. बाकी पत्रात लिहितोय ते सगळं हे उत्तर शोधायचं कसं, त्याबद्दलच आहे.

आधी मापच पुन्हा घे. तू आपल्याच यार्डात उभा करून मोजलंस, हे फोटोवरून कळतं. द्रोणागिरीतली जमीन तुला माहीत आहे. इथलं बंदर १९८९ साली सुरू झालं, त्याआधी इथे खाजण, मिठागरं आणि भाताची शेतं होती. त्यावर भराव पडला आणि भरावावर पेव्हर ब्लॉक. भरलेल्या कंटेनरचं वजन सोसून असे ब्लॉक जागोजागी खचतात. डोळ्याला सपाट दिसणाऱ्या यार्डात दहा-अकरा मीटरच्या अंतरात चार-पाच सेंटीमीटरचा फरक सहज असतो आणि तोच तुझ्या १२ सेंटीमीटरमध्ये लपलेला असू शकतो. म्हणून गवंड्याकडची पारदर्शक लेव्हलची नळी आण. तिच्यात पाणी भर, हवेचा बुडबुडा राहू देऊ नकोस. एक टोक किंगपिनच्या प्लेटशी, दुसरं मागच्या आडव्या चॅनलशी धर. पाण्याची पातळी जमिनीला विचारत नाही, म्हणून पुढच्या-मागच्या चाकांखालच्या जमिनीचा फरकही त्याच नळीने काढ आणि वजा कर. मोजताना टायरमध्ये हवा पूर्ण हवी. एकदा रिकामा मोज, एकदा भरलेला मोज, आणि दोन्ही वेळा घोडा व ट्रेलर एका सरळ रेषेत ठेव. भरलेल्याचं मापच खरं धर, कारण नव्या घोड्याचे मागचे पाटे रिकाम्यावर ताठ असतात, वजन आलं की ते दबतात आणि फिफ्थ व्हील, म्हणजे किंगपिन अडकते ती घोड्यावरची तबकडी, खाली येतं. रिकाम्या गाडीवर १२ सेंटीमीटर दिसलेला उतार भरल्यावर आठ-नऊवर आला, तर मला नवल वाटणार नाही.

आता मागची बाजू तपास. त्या ट्रेलरने बंदर ते सीएफएस (कंटेनर फ्रेट स्टेशन) अशा अगणित फेऱ्या मारल्यात. पाट्यांची कमान कालांतराने सपाट होते, आपण त्याला पाटे बसले म्हणतो. मूळ कंपनीच्या त्याच नंबरचा नवा पाटा दुकानातून पाहायला माग आणि आपल्या पाट्याशेजारी ठेव, फरक लगेच दिसेल. पाट्यांच्या थरांत कुठे फट आहे का, दुसरा-तिसरा पाटा मधल्या बोल्टच्या भोकापाशी तडकलाय का, हँगरचे बुश खाऊन पिन ढिली झाली आहे का, हे टॉर्च घेऊन स्वतः बघ. टायर झिजले की तेही सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर खातात. बसलेल्या पाट्याखाली गुटका ठेवला तर उंची मिळते, पण पाटा बसलेलाच राहतो. तो आणखी बसतो आणि एक दिवस भर रस्त्यात तुटतो. पाटे बसले असतील तर दोन्ही बाजूंचे, सगळ्या अॅक्सलचे, एकत्र बदल. खर्च आहे, पण तो गुटक्याने टळणारा खर्च नव्हे.

मग पुढची बाजू. नव्या घोड्यावर फिफ्थ व्हील कुठल्या उंचीच्या बैठकीवर बसवलंय? विक्रेत्याकडे गाडी येते तेव्हा ती कुठल्या ट्रेलरला लागणार, हे त्यांना ठाऊक नसतं. फिफ्थ व्हीलच्या बैठका वेगवेगळ्या उंचीच्या मिळतात. तुझ्याकडे उंच बैठक आली असेल तर ट्रेलरचा दोष शून्य आहे आणि मागे काहीही करण्याची गरज नाही. कमी उंचीची बैठक मागायची, कंपनीच्या माणसाकडून बसवून घ्यायची. फक्त एक पाहून घे: ती खाली आणल्यावर घोड्याचे मागचे टायर आणि ट्रेलरचा तळ यांत जागा उरते का, आणि चढावर किंवा रॅम्पवर ट्रेलरचा पुढचा भाग घोड्याच्या चासीला टेकतो का. खाली आणण्यालाही मर्यादा असते.

पुढची बाजू पाहिल्याशिवाय मागून उचलू नकोस असं मी म्हणतो, त्याला आणखी एक भक्कम कारण आहे. आयएसओ कंटेनर घेऊन जाणाऱ्या घोडा-ट्रेलरची एकूण उंची नियमाने ४.५२ मीटर. हायक्यूब डबा २.८९६ मीटर उंच असतो. वजा केलं तर पाटातळीसाठी उरतात १.६२४ मीटर. तुझं किंगपिनजवळचं माप १.५८, आणि ट्रेलरचं तोंड किंगपिनच्याही पुढे सरकलेलं, म्हणजे तिथे अजून सेंटीमीटरभर वर. हायक्यूब ठेवला की तुझ्या डब्याच्या पुढच्या कडेला नियमाच्या छतापर्यंत साडेतीन सेंटीमीटर उरतात. मागून उचलल्याने ही पुढची कड कमी होणार नाही, ती तशीच राहील. उलट अख्खा डबा त्या उंचीवर जाऊन बसेल आणि वजनाचा मध्य वर सरकेल. वळणावर भरलेला कंटेनर कलतो, त्याचं कारण बहुतेक वेळा वेग असतो, पण वजन जितकं वर, तितका कमी वेगही कलायला पुरतो. पुढून खाली आणलं तर उतारही जातो, उंचीही कमी होते आणि वजनही खाली येतं. साधा आठ फूट सहा इंची डबा असेल तर उंचीची चिंता नाही, पण बंदरात आता कुठला डबा पदरात पडेल ते आपल्या हातात नाही.

ड्रायव्हर म्हणत असेल, रॉकर आहे ना, तो वजन सांभाळून घेतो. तो अर्धा बरोबर आहे. शेजारच्या दोन अॅक्सलच्या पाट्यांची टोकं रॉकरला लागलेली असतात आणि ट्रेलर थोडा तिरका असला तरी रॉकर झुकून वजन वाटून देतो. पण रॉकरच्या झुकण्याला हद्द आहे. भरलेल्या अवस्थेत खाली वाकून बघ. रॉकर एका बाजूला टेकला असेल तर वाटप संपलं. त्यानंतर मागचा अॅक्सल जास्त ओझं घेतो आणि पुढचा हलका होतो. हलकं चाक ब्रेक मारताच लॉक होतं, घासतं, टायरवर चकत्या पडतात. तीन अॅक्सलच्या बोगीला २०१८ पासून २७ टनांची मुभा आहे, म्हणजे प्रत्येकी ९ टन. ही ९ टनांची वाटणी तीन ठिकाणी नीट झाली तरच ती मुभा खरी.

आणि उताराची एक गोष्ट यार्डात बसून कळत नाही. डब्यात ड्रम, पाइप, पोती असतात. ट्रेलर मागे उतरता असला की माल तासन्‌तास दाराकडे रेटत राहतो. सीएफएसमध्ये सील तोडून दार उघडतो तो माथाडी किंवा कंत्राटी मजूर दारासमोरच उभा असतो. दार उघडताच ड्रम अंगावर येतात. ते दार उघडणारा माणूस तुझ्या नोकरीत नसला तरी तुझ्या ट्रेलरच्या उतारापुढे उभा असतो. म्हणून उतार चालून जाईल असं मी कधीही म्हणणार नाही. तो काढायचाच, फक्त योग्य टोकाकडून.

समज, पाटे नवे झाले, फिफ्थ व्हील शक्य तितकं खाली आलं, तरीही मागे थोडं उरलं. तेव्हा उचल, पण हिशेब करून. इथे बहुतेक गॅरेजवाले घसरतात. टोकाला १२ सेंटीमीटर कमी दिसलं की १२ चाच गुटका कापतात. किंगपिनपासून मागच्या टोकापर्यंत तुझा ट्रेलर अकरा मीटर आणि किंगपिनपासून मधल्या अॅक्सलपर्यंत आठ मीटर. म्हणजे टोक १२ सेंटीमीटर उचलायला अॅक्सलपाशी लागतात १२ चे आठ-अकरांश, जेमतेम पावणेनऊ. तुझ्या बाबतीत उरेल ते दोन-तीन सेंटीमीटर असेल, त्यालाही हाच हिशेब लाव.

गुटका लाकडाचा नको, दोन पट्ट्या एकावर एक ठेवूनही नको. एकसंध, मधल्या बोल्टला भोक आणि खुंटी असलेला, ट्रेलर बनवणाऱ्या कंपनीने मान्य केलेला. त्याहून बरं म्हणजे कंपनीकडची उंच बैठक किंवा उंच हँगर. कारण गुटका जितका उंच, तितका ब्रेक मारताना अॅक्सलला फिरवणारा जोर वाढतो, आणि तो जोर पाट्यांना मुरडतो. अॅक्सलच्या बिमच्या खालच्या अंगाला वेल्डिंग करू देऊ नकोस. ओझ्याखाली बिमचा तळ ताणला जातो आणि वेल्डच्या कडेपासून तडा तिथेच सुरू होतो. पाट्याजवळ गॅस कटर आणू नकोस, उष्णता लागली की पाट्याचं पाणी जातं. यू-बोल्ट नवे, योग्य लांबीचे. जुने ताणलेले यू-बोल्ट पुन्हा आवळणं म्हणजे ९ टन दोरीने बांधल्यासारखं आहे.

उचलून झालं की ब्रेकच्या हवेचे पाइप आणि एबीएसची वायर ताणली जाते का ते चाकं पूर्ण लोंबकळवून पाहा. मग टॉर्क आर्म लावून अॅक्सल सरळ करून घे. किंगपिनच्या मध्यापासून पहिल्या अॅक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत पोलादी टेपने मोज. दोन्ही मापांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. बाकीचे अॅक्सल पहिल्याशी समांतर, तिथे दीड मिलिमीटर. याहून थोडा जास्त फरकही ट्रेलरला खेकड्यासारखा तिरका चालवतो आणि टायर महिन्यांत संपतात.

कागदाचं काम टाळू नकोस. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. कंपनीचं लेखी पत्र घे आणि पनवेलच्या आरटीओत आधी विचार, काम झाल्यावर नाही. अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस पहिल्यांदा बोगीखालीच वाकतो.

तुझ्या चुलतभावाने अमेरिकेतून व्हिडिओ पाठवला, त्याने पिकअपमागे ओढायच्या घराचे पाटे अॅक्सलच्या खालून काढून वर बसवून घर उचललं, आणि तुला वाटलं आपणही करू. त्याचं घर सारं मिळून चार-पाच टनांचं असेल, आत गादी आणि चूल. आपल्या ट्रेलरवर पाटे आधीच अॅक्सलच्या वर आहेत, ती युक्ती इथे उरलेलीच नाही. पण दुखणं एकच आहे, हे मात्र खरं. डेट्रॉइटच्या ऑगस्ट फ्रुहॉफ नावाच्या लोहाराने १९१४ मध्ये एका गिऱ्हाइकाची होडी मोटारीमागे ओढायला गाडा बनवून दिला, तिथून आपला हा धंदा वाढत आला. ओढणारं आणि ओढलं जाणारं वेगवेगळ्या हातांनी बनवलेलं असतं, त्यामुळे त्यांची उंची कुणीतरी जुळवावीच लागते.

रविवारी ट्रेलर माझ्याकडे आण. गॅरेजमागची काँक्रीटची पट्टी मी रिकामी ठेवतो. येताना आरसी, घोड्याचं मॅन्युअल आणि फिफ्थ व्हीलवरच्या प्लेटचा फोटो घे. जमलं तर एक भरलेला डबा घेऊनच ये, परत नेताना पोचवता येईल. ड्रायव्हरलाही घेऊन ये. त्याला वगळून निर्णय घेऊ नकोस, गाडी रोज तोच चालवतो आणि मागून काय ओढतंय हे त्याच्या पाठीला आधी कळतं. काम कुठलंही ठरलं, तरी पहिली भरलेली फेरी झाल्यावर गाडी थंड होऊ दे आणि सगळे यू-बोल्ट टॉर्क पाना लावून पुन्हा आवळ. आठवड्याने परत एकदा.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग. भाऊजींनी त्या ट्रेलरची जुनी बिलं जपून ठेवली असतील, त्यांत पाटे शेवटचे कधी बदलले ते मिळेल. तीही घेऊन ये.

तुझा,
मामा