रायफलचा धक्का: भाचीला पत्र

मोंटाना, ऑगस्ट

चि. माऊस,


ऑक्टोबरात कोलोरॅडोच्या डोंगरात एल्कच्या शिकारीला जायचं म्हणून तू .३०० विंचेस्टर मॅग्नम घेतलीस आणि पहिल्याच सरावात खांदा काळानिळा करून घेतलास, हे ताईने कळवलं. नळीच्या टोकाला मझल ब्रेक लावू का, असं तू विचारलं आहेस. काळानिळा खांदा आठवड्यात बरा होतो. मला भीती आहे ती दचकण्याची. मागचा धक्का आठवून चाप ओढायच्या क्षणी अंग आपोआप आखडतं, डोळे मिटतात, नळी झुकते, आणि फुफ्फुसात बसायची गोळी पोटात बसते. मग तो एल्क दरीत उतरून तासन्‌तास तडफडतो. धक्का कमी करायचा तो यासाठी.

आता ब्रेकबद्दल. १८० ग्रेनच्या गोळीमागून सत्तरेक ग्रेन दारूचा वायू सुटतो, तोही गोळीपेक्षा कितीतरी वेगाने. तुझ्या खांद्यावर येणाऱ्या रेट्यातला सुमारे एक तृतीयांश वाटा या वायूचा. ब्रेक त्यालाच बाजूला आणि मागे वळवतो, म्हणून त्याचा गुण लगेच जाणवतो. पण मग सगळा दणका कानांवर येतो. ब्रेक नसतानाही अशा रायफलचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो, आणि १४० च्या पुढे एका बारानेही कान कायमचा अधू होऊ शकतो. सावज समोर आल्यावर कानांवर मफ लावायचं भान राहत नाही, शेजारच्या वाटाड्याने तर लावलेलाच नसतो. म्हणून माझं मत ब्रेकच्या विरुद्ध. कागदपत्रांची तयारी असेल तर सायलेन्सर घे. तो धक्का आणि आवाज दोन्ही कमी करतो, आणि कोलोरॅडोत शिकारीला चालतो.

पण त्याही आधी दस्ता बघ. कारखान्यातून येणारे दस्ते साडेतेरा-पावणेचौदा इंचांचे, मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मापाचे. तू पाच फूट दोन इंच. लांब दस्ता खांद्याच्या खळग्यात न बसता दंडावर सरकतो, तू मागे रेलतेस, गाल दस्त्यावर टेकत नाही, आणि जो धक्का सबंध अंगाने पेलायचा तो एका हाडावर येतो. गनस्मिथकडून दस्ता कापून घे आणि मागे जाड, मऊ रबरी पॅड बसव. कापताना पॅडची जाडी हिशेबात धरायला सांग. दुर्बीणही नव्याने बसवावी लागेल. डोळ्यापासून साडेतीन-चार इंच अंतर हवंच, नाहीतर भुवई फुटते.

रायफल जड केली की धक्का घटतो: आठ पौंडांची दहा पौंडांची केलीस तर ऊर्जा पाचव्या हिश्शाने कमी. पण ते दोन पौंड दहा हजार फुटांवर तुलाच वाहायचे आहेत. मी वाढवणार नाही.

बाकावर बसून सराव करणं आता बंद कर. वाकून बसलं की अंगाला मागे झुकायला जागा राहत नाही, आणि तीच गोळी उभ्याने मारल्यापेक्षा जास्त लागते. बाकावर फक्त निशाणा जुळवून घे, तेही खांदा आणि दस्ता यांच्यामध्ये वाळूची पिशवी ठेवून. बाकीचा सगळा सराव .२२ ने, उभं राहून आणि गुडघ्यावर. कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही. दचकणं बरंचसं आवाजामुळेच असतं. मॅग्नमच्या गोळ्या मोजक्याच झाड आणि मैत्रिणीला तुझ्या नकळत मधूनच नकली काडतूस भरायला सांग. बार न होता नळी हलली, तर तुझी दचक तुला स्वतःला दिसेल.

आणि दुकानदार बदलून देत असेल तर ७ एमएम-०८ घे. तेवढ्याच वजनाच्या रायफलीत तिचा धक्का तुझ्या मॅग्नमच्या निम्म्याहून कमी. अडीचशे यार्डांच्या आत चांगली गोळी योग्य जागी बसली तर एल्कला ती पुरते. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ साली जिम कॉर्बेटला जी .२७५ रिग्बी भेट मिळाली, तिची गोळी याच जाडीची आणि ताकदही जवळपास एवढीच. मोठं काडतूस घेतलं म्हणून गोळी योग्य जागी बसत नाही.

दस्त्याचं माप ताईकडून घेऊन मला कळव. कोपर काटकोनात वाकव, दस्त्याचं मागचं टोक कोपराच्या खळीत टेकव, आणि तर्जनीचं पहिलं पेर चापाच्या किती पुढे-मागे येतं ते बघ. रायफल रिकामी आहे ना, ते आधी दोनदा तपास.

तुझा,
मामा