मार्गदर्शकाविरुद्ध तक्रार कशी करावी?

प्रश्न : मी पीएचडी करते. मार्गदर्शक रात्री-अपरात्री नको ते मेसेज पाठवतात. तक्रार केली तर प्रबंध अडकेल, अशी भीती वाटते. काय करू?

उत्तर : तुमची भीती अगदी खरी आहे, आणि नियम करणाऱ्यांनी ती ओळखलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या नियमांनुसार प्रत्येक विद्यापीठात अंतर्गत तक्रार समिती असणे बंधनकारक आहे. कुलगुरू, कुलसचिव किंवा विभागप्रमुख तिचे सदस्य होऊ शकत नाहीत. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल, तर समितीत विद्यार्थी प्रतिनिधीही असतात.

लेखी तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्या. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. तक्रारीसोबतच अंतरिम संरक्षणही मागा : चौकशी चालू असताना या मार्गदर्शकांना तुमच्या कामाचे मूल्यमापन करण्यापासून रोखता येते. चौकशी 90 दिवसांत पूर्ण व्हायला हवी.

एकही मेसेज पुसू नका. तारखांसह नोंद ठेवा, तक्रारीची पोच घ्या. पोलिसांकडे जाण्याचा मार्गही खुला आहे, त्यासाठी समितीची मदत मागा. यात तुमचा काहीही दोष नाही. विश्वासातल्या एका माणसाला आजच सांगा.